आयातशुल्क कोणाच्या खिशातून जाते? पन्नास टक्क्यांच्या बातमीनंतर शेअर विकण्याचा प्रश्न

आपण विचारलेले थोडक्यात असे. आपण ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहता, वय पस्तीस, आणि गेल्या सहा वर्षांत साठवलेले साडेअकरा लाख रुपये शेअर बाजारात आहेत. त्यांपैकी सव्वादोन लाख तयार कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत, दीड लाख कोळंबी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत, तीन लाख दोन बँका व एका औषध कंपनीत आणि उरलेले पावणेपाच लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात आहेत. नोव्हेंबर २०२६ मध्ये घराचा ताबा घेण्यापूर्वी बिल्डरला पाच लाखांचा शेवटचा हप्ता द्यायचा आहे. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावरचे जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेल्यामुळे, सगळे विकून मुदत ठेवीत टाकावे आणि व्यापार करार होऊन बाजार शांत झाला की पुन्हा घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे.

हे उत्तर मी सप्टेंबर २०२५ च्या मध्यावर लिहीत आहे. मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी झालेली सल्लागार नाही. त्यामुळे कोणत्याही कंपनीचे नाव घेऊन ‘घ्या’ किंवा ‘विका’ असे मी सांगणार नाही. मी नेरूळला राहते. सत्तावीस वर्षे न्हावा-शेवा बंदरावर सीमाशुल्क दलालाच्या कचेरीत शिपिंग बिले आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे निर्यातीची व आयातीची सीमाशुल्काची कागदपत्रे, भरण्याचे काम केले, आणि त्यातून उरलेले पैसे जवळजवळ तितकीच वर्षे शेअरमध्ये गुंतवले. व्यापार धोरण मी दूरचित्रवाणीवर नंतर पाहिले. आधी ते मला मध्यरात्री आलेल्या अधिसूचनेच्या आणि करळ फाट्यावर अडकलेल्या ट्रेलरच्या रूपात भेटले. पुढे जे लिहिते आहे ते त्या अनुभवातले आहे, आणि त्याला त्या अनुभवाच्या मर्यादाही आहेत.

आपल्या प्रश्नात खरे म्हणजे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला, ज्या पैशाच्या देण्याची तारीख ठरलेली आहे तो पैसा बाजारात असावा का. आणि दुसरा, ज्या कंपन्यांचा नफा एका सरकारी कागदावर अवलंबून आहे त्यांत आपले किती पैसे असावेत. आपण मात्र विचारला आहे तिसराच, म्हणजे बाजार कधी शांत होईल, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. वॉशिंग्टनमध्ये उद्या सकाळी काय ठरेल हे तिथल्या अधिकाऱ्यांनाही आज रात्री ठाऊक असेल असे २ एप्रिलपासूनच्या घडामोडी पाहता वाटत नाही. त्या दिवशी भारतावर २६ टक्के जाहीर झाले, ९ एप्रिलला ते नव्वद दिवस थांबवून चीन सोडून सर्वांना १० टक्क्यांवर ठेवले गेले, ७ ऑगस्टला २५ टक्के लागले आणि २७ ऑगस्टला रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन आणखी २५ टक्के चढले. या क्रमावरून पुढचा आकडा ओळखू पाहणाऱ्याला माझा नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि त्याचा अमेरिकेशी काही संबंध नाही. चौदा महिन्यांनी द्यायचे पाच लाख शुल्क शून्य असते तरी शेअरमध्ये ठेवण्यासारखे नव्हते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ओलांडले होते, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो काही काळ ८,००० च्या खाली गेला आणि पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० ची दिवाळी उजाडली. ज्याला घाई नव्हती त्याला ती जवळजवळ तीन वर्षे केवळ त्रासदायक गेली. ज्याचा हप्ता मार्च २००९ मध्ये होता त्याचे नुकसान मात्र कायमचे झाले. बिल्डर निर्देशांक वर यायची वाट पाहत नाही. तेव्हा हे पाच लाख बाहेर काढा, पण एकाच दिवशी काढण्याचे कारण नाही, कारण आपल्याला दोन आर्थिक वर्षे मिळत आहेत.

ते असे. बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरवर आणि इक्विटी फंडावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे आणि त्यापुढच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे. बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के. म्हणजे काही भाग ३१ मार्च २०२६ च्या आधी आणि काही भाग एप्रिलमध्ये विकला तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते. कोळंबीचा शेअर आपण गेल्या डिसेंबरात घेतल्याचे लिहिले आहे आणि तो तोट्यात आहे. तो डिसेंबरच्या आत विकल्यास तो तोटा अल्पकालीन ठरतो, आणि अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा करता येतो. बारा महिने उलटल्यावर तोच तोटा दीर्घकालीन होऊन फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो. तोट्याचा उरलेला भाग आठ वर्षे पुढे नेता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेले असले पाहिजे. एक सूचना: एकाच कंपनीचे शेअर आपण वेगवेगळ्या वेळी घेतले असतील तर डीमॅट खात्यातून आधी घेतलेले आधी विकले गेले असे धरले जाते, ‘मी नवे विकले’ असे म्हणून चालत नाही. काढलेला पैसा बँकेच्या मुदत ठेवीत ठेवणार असाल तर ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे, व्याज धरून, पाच लाख आहे, म्हणून दोन बँकांत विभागा. हा विषय इथे संपला.

आता दुसरा प्रश्न, आणि खरा विचार इथेच करायचा आहे. बातम्यांत ‘भारतावर ५० टक्के शुल्क’ असे म्हणतात, त्यामुळे जणू भारत ते भरतो असा समज होतो. प्रत्यक्षात अमेरिकेच्या बंदरात माल उतरला की तिथला आयातदार ते भरतो. तिरुपूरचा कारखानदार किंवा भीमावरमचा कोळंबीवाला अमेरिकी सीमाशुल्क खात्याला एक पैसाही देत नाही. मग त्याचे नुकसान कसे होते? ते त्याने आणि आयातदाराने केलेल्या सौद्यातून होते. शुल्क कायद्याने कोणी भरायचे हे अधिसूचना सांगते. पण शेवटी ते कोणाच्या खिशातून जाते हे, दोघांपैकी कोणाला दुसऱ्यावाचून चालते, यावर ठरते. नोकरीच्या काळात निर्यातदार आणि परदेशी ग्राहक यांच्यातल्या या ओढाताणी मी कागदावर अनेकदा पाहिल्या: बीजक तेच, माल तोच, पण पुढच्या खेपेला एककाचा भाव सहा टक्क्यांनी उतरलेला. कंपनीच्या पत्रकात तेव्हा ‘ग्राहकांशी दीर्घकालीन संबंध’ असे छापलेले असायचे.

आपल्या कपड्यांच्या कंपनीपुरते हे आकड्यांत मांडू. समजा, एक सुती टी-शर्ट जहाजावर चढेपर्यंत पाच डॉलरला पडतो. भारतात आयातशुल्क विमा आणि जहाजभाडे धरून आकारतात, अमेरिकेत मात्र एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतच्या, किमतीवर, म्हणून पाच डॉलर हाच पाया धरायचा. सुती टी-शर्टवर अमेरिकेचे नेहमीचे शुल्क १६.५ टक्के आहे. ते बांगलादेशलाही लागते आणि आपल्यालाही. त्यावर बांगलादेश, व्हिएतनाम आणि श्रीलंका यांना जादा २० टक्के, आपल्याला ५०. म्हणजे बांगलादेशचा पाच डॉलरचा टी-शर्ट आयातदाराला शुल्कासह सुमारे ६.८३ डॉलरला पडतो आणि आपला ८.३३ डॉलरला. दोन्ही सारखे पडायला हवे असतील तर भारतीय कारखानदाराने आपली किंमत ४.१० डॉलरवर आणली पाहिजे, म्हणजे नगामागे ९० सेंट सोडले पाहिजेत. त्याचा व्यवसायातला नफा दहा-बारा टक्के असेल तर तो होतो पन्नास-साठ सेंट. सगळा नफा सोडूनही तीस-चाळीस सेंट कमी पडतात.

या हिशेबातून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट होते: हे शुल्क कायम राहिले तर अमेरिकेवर अवलंबून असलेला कपड्यांचा निर्यातदार काटकसर करून ते सोसू शकणार नाही. भारत सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, हे खरे. पण टी-शर्टच्या किमतीत कापूस हा एक भागच असतो, आणि त्यावर वाचलेले पैसे ९० सेंटांच्या जवळपासही जात नाहीत. याउलट हेही खरे की, ग्राहक एका रात्रीत बांगलादेशला जात नाही. कारखान्याची तपासणी, नमुन्यांची मंजुरी, मजुरांविषयीची प्रमाणपत्रे यांत दोन हंगाम सहज जातात, आणि अमेरिकी दुकानात तोच टी-शर्ट अठरा-वीस डॉलरला विकला जात असेल तर एखाद्या हंगामापुरता भार दुकानदारही उचलतो. म्हणजे नुकसान निश्चित आहे, पण ते येणार हळूहळू, आणि कंपनीगणिक वेगळे. ज्या कंपनीची निम्म्याहून अधिक विक्री युरोप, ब्रिटन आणि जपानला आहे किंवा जिचा श्रीलंकेत वा आफ्रिकेत कारखाना आहे, तिची गोष्ट वेगळी.

इथे एका फसव्या आकड्याविषयी सावध करते. २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेल्या आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत दाखल होणाऱ्या मालाला वाढीव २५ टक्क्यांतून वगळले होते. अशी तारीख जाहीर झाली की बंदरावर काय होते ते मी अनेक वेळा पाहिले आहे: पुढच्या दोन महिन्यांचा माल दोन आठवड्यांत रेटला जातो, द्रोणागिरीच्या गोदामांपुढे कंटेनरांच्या रांगा लागतात, आणि त्या तिमाहीची निर्यात फुगलेली दिसते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे निकाल बरे आले तर ‘शुल्काचा काही परिणाम झाला नाही’ असा निष्कर्ष काढू नका. खरे चित्र ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लागणाऱ्या निकालांत, दिसू लागेल. निकाल बरे आले आणि शेअर दोन दिवस वर गेला, तर ती आपल्याला बाहेर पडण्याची संधी असू शकते.

कोळंबीचे गणित याहून कठीण आहे. इक्वेडोरला १५ टक्के, आपल्याला ५०, आणि भारतीय कोळंबीवर आधीपासूनची अँटी-डम्पिंग (फार स्वस्तात माल ओतण्याविरुद्धची) व अनुदानविरोधी शुल्के वेगळी. गोठवलेल्या कोळंबीला शिवणीची सफाई किंवा नमुना असा फारसा फरक नसतो. ग्राहक आकार आणि भाव पाहतो. ज्या मालात फरक कमी, त्यात शुल्काचा भार विकणाऱ्यावर अधिक पडतो. शिवाय तलावातली कोळंबी थांबवून ठेवता येत नाही, त्यामुळे कंपनीने भाव पाडला की तो थेट आंध्रच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि त्याने पुढच्या हंगामात तलाव रिकामा ठेवला तर कंपनीला कच्चा मालच मिळत नाही.

आपल्या दोन्ही कंपन्यांची नेमकी स्थिती काय, हे मी इथून सांगू शकत नाही. ते आपणच पाहायचे आहे आणि त्याला एक संध्याकाळ पुरते. वार्षिक अहवालाच्या शेवटच्या टिपणांत ‘सेगमेंट’ नावाचे टिपण असते. त्यात देशांनुसार विक्री दिलेली असते, आणि एकूण उत्पन्नात दहा टक्क्यांहून अधिक वाटा असलेला एखादा ग्राहक असेल तर तेही सांगणे लेखामानकाने बंधनकारक आहे. बहुतेक लोक अध्यक्षांचे भाषण वाचतात आणि हे पान उलटून टाकतात. त्यानंतर क्रिसिल, इक्रा किंवा केअर यांनी कंपनीच्या कर्जाला दिलेल्या पतमानांकनाचे कारणपत्र वाचा. ते संकेतस्थळावर फुकट असते आणि कर्ज देणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेले असल्यामुळे त्यात गोड बोलणे कमी असते.

माझी स्वतःची एक जुनी सवय सांगते, जिला घरातले हसतात. माझ्याकडे शेअरचा जो तक्ता आहे त्यात कंपनीच्या नावापुढे तिच्या मुख्य मालाचा शुल्क-शीर्षक क्रमांक लिहिलेला असतो: टी-शर्ट ६१०९, कोळंबी ०३०६, औषधे ३००४, मोबाइल फोन ८५१७, पोलादाचे गरम पत्रे ७२०८. एखादी अधिसूचना आली की तिच्यात नावे नसतात, हे आकडे असतात. ज्या कंपनीपुढे मला आकडाच लिहिता येत नाही, जसे बँक, रुग्णालय, केबल टीव्ही, तिला शुल्काचा थेट धक्का नाही एवढे तरी कळते.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. आपण अमेरिकेकडे पाहत आहात, पण भारतीय गुंतवणूकदाराला व्यापार धोरणाचे फटके अमेरिकेइतकेच दिल्लीतूनही बसलेले आहेत, आणि त्यांतला एक मी स्वतः खाल्ला आहे. मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मी एका पोलाद कंपनीचे शेअर घेतले. जगभर पोलादाचे भाव चढे होते, कंपनीवरचे कर्ज उतरत होते, शेअर स्वस्त दिसत होता. म्हणून मी माझ्या एकूण गुंतवणुकीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यात घातला. २१ मे, शनिवारची संध्याकाळ. पेट्रोल-डिझेलवरचा अबकारी कर कमी झाल्याची बातमी आली म्हणून मी खुशीत होते, आणि त्याच घोषणेच्या पोटात पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यातशुल्क होते. सोमवारी बाजार उघडला तेव्हा बड्या पोलाद कंपन्यांचे शेअर दहा टक्क्यांहून अधिक कोसळले. मी महिनाभर धीर धरला, जूनच्या अखेरीस तो संपला आणि तोट्यात विकून मोकळी झाले. १९ नोव्हेंबरपासून सरकारने ते निर्यातशुल्क काढून टाकले आणि हिवाळ्यात भाव माझ्या खरेदीच्या आसपास परतला.

सत्तावीस वर्षे अधिसूचना वाचण्यात घालवलेल्या बाईला हे कळायला हवे होते, कारण खुणा उघड्यावर होत्या. १२ मे रोजी एप्रिलची किरकोळ महागाई ७.७९ टक्के जाहीर झाली होती आणि दुसऱ्याच दिवशी, १३ मे रोजी, गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली होती. महागाई वर गेली की आपले सरकार, ते कोणत्याही पक्षाचे असो, निर्यातदाराच्या आधी ग्राहकाचा कैवार घेते. कांद्याचा इतिहास हेच सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली त्या आठवड्यात वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातले माझे ओळखीचे व्यापारी शीत कंटेनर परत फिरवत होते. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती ४० टक्के निर्यातशुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात किंमत घेऊनच, आणि ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. म्हणजे धोरणाचा नेमका दिवस ओळखता येत नसला तरी त्याची दिशा पुष्कळदा ओळखता येते. माझी चूक खरेदीत जितकी होती त्याहून अधिक ती चौथ्या हिश्शात होती. दहावा हिस्सा असता तर मी नोव्हेंबरपर्यंत थांबू शकले असते.

उलट दिशेचीही चूक असते. सरकारने एखाद्या मालावर संरक्षक शुल्क लावले की त्या उद्योगाचे शेअर उसळतात. २१ एप्रिल २०२५ ला पोलादाच्या काही सपाट प्रकारांवर १२ टक्के हंगामी शुल्क लागले, ते दोनशे दिवसांसाठी. वाणिज्य मंत्रालयाचे महासंचालनालय चौकशी करून शिफारस करते, अंतिम अधिसूचना अर्थ मंत्रालय काढते, आणि अर्थ मंत्रालय प्रत्येक शिफारस मान्य करतेच असे नाही. शिफारशीच्या बातमीवर शेअर घेणे म्हणजे साखरपुड्याच्या बोलाचालीवर हॉल बुक करण्यासारखे आहे. आणि जे संरक्षण मुदतीचे आहे त्यासाठी कायमच्या नफ्याचा भाव मोजणे हे त्याहून वाईट.

या सगळ्यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला: ज्या कंपनीचा नफा एका अधिसूचनेने निम्मा होऊ शकतो तिच्यात एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, आणि अशा सगळ्या कंपन्या मिळून पंधरा टक्क्यांहून अधिक नाही. हे आकडे शास्त्राने आलेले नाहीत. माझ्या झोपेने आलेले आहेत. आपले वय कमी आहे, पगार चालू आहे, तेव्हा आपण थोडे अधिक सोसू शकाल. पण आज आपले पावणेचार लाख, म्हणजे साडेअकरा लाखांचा जवळजवळ तिसरा हिस्सा, अशा दोनच कंपन्यांत आहे, आणि हप्त्याचे पाच लाख बाजूला काढल्यावर उरणाऱ्या साडेसहा लाखांशी तुलना केली तर तो निम्म्याहून अधिक होतो. हे मात्र कोणत्याही वयाला फार आहे. म्हणून हप्त्यासाठी विकायला सुरुवात या दोन शेअरपासून करा. बहुतेक माणसे उलट करतात: जे नफ्यात आहे ते विकतात, आणि तोट्यातले ‘भाव परत आला की विकू’ म्हणून जपून ठेवतात. खरेदीचा भाव आपल्याला आठवतो, बाजाराला तो माहीतही नसतो.

बँका, औषध कंपनी आणि इंडेक्स फंड यांविषयी माझे म्हणणे थोडक्यात. २०२४-२५ या वर्षात भारताची अमेरिकेला मालाची निर्यात सुमारे ८६.५ अब्ज डॉलर होती, म्हणजे एकूण मालनिर्यातीच्या साधारण पाचवा भाग. ज्यांचा त्यात वाटा आहे त्यांच्यासाठी तो आकडा मोठा आहे, पण निफ्टीतल्या बँका, दूरसंचार आणि सिमेंट कंपन्यांची बिले अमेरिकी बंदरावर फाडली जात नाहीत. औषधे आणि मोबाइल फोन आज या ५० टक्क्यांतून वगळलेले आहेत. औषधांबाबत अमेरिकेची वेगळी चौकशी चालू आहे, त्यामुळे ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्या औषध कंपनीची अमेरिकेतली विक्री किती हे त्याच सेगमेंटच्या टिपणात पाहा. बँकांना अप्रत्यक्ष झळ लागू शकते, कारण कपडे, कोळंबी आणि हिऱ्यांच्या लहान उद्योगांना त्यांनी कर्जे दिलेली आहेत. पण त्यासाठी बँकेचे शेअर विकण्याइतके मला तरी ते मोठे वाटत नाही.

राहिला ‘आता विकू, नंतर घेऊ’ हा बेत. ७ एप्रिल २०२५ च्या सोमवारी सेन्सेक्स २,२२६ अंकांनी पडून ७३,१३७ वर बंद झाला. त्या दिवशी शुल्काशी काहीही देणेघेणे नसलेल्या कंपन्याही पडल्या, कारण परदेशी संस्था पैसा काढतात तेव्हा ज्याला धक्का बसणार आहे ते विकत नाहीत, जे लगेच विकले जाते ते विकतात. आणि १५ एप्रिलला निर्देशांक ७६,७३४ वर, म्हणजे २ एप्रिलच्या पातळीच्याही वर, बंद झाला. मध्ये शनिवार-रविवार, महावीर जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्या धरल्या तर सोमवारनंतर अवघे चार व्यवहाराचे दिवस झाले होते. जो सोमवारी विकून ‘शांत होऊ दे’ म्हणत बसला त्याला शांतता मिळाली तेव्हा भाव निघून गेलेला होता. नेहमीच असे होते असे मात्र समजू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५,९७८ पर्यंत गेला होता, आणि आज वर्ष झाले तरी तो त्याच्या खालीच आहे. यंदा ५० टक्के लागू झाले तो दिवस गणेश चतुर्थीचा होता, बाजार बंद होता; दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स ७०० अंकांनी उतरला आणि त्यानंतर हळूहळू सावरला. जुलैमध्ये एसआयपीतून, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरणाऱ्यांकडून, २८ हजार कोटींहून अधिक रक्कम आली, त्यामुळे परदेशी विक्रीला आता घरचा खरेदीदार भेटतो. तो किती काळ भेटत राहील हे नोकऱ्या आणि पगार यांवर आहे. म्हणून इंडेक्स फंडाचा जो भाग हप्त्यासाठी लागणार नाही तो मी असते तर हलवला नसता, आणि चालू एसआयपी बंद केली नसती.

आपल्या मित्राने पुट ऑप्शन, म्हणजे भाव पडला तरी आधी ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क, घेऊन विमा काढण्याचे सुचवले आहे. साडेसहा लाखांसाठी दर महिन्याला हप्ता भरून असा विमा चालू ठेवणे महाग पडते, आणि विम्यासाठी त्या खोलीत शिरलेला माणूस सहसा विम्यापुरता थांबत नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला, असे सेबीच्याच अभ्यासात आले आहे. माझे मत: नको.

कपड्यांच्या कंपनीचे सव्वादोन लाख सगळे विकायचे की थोडे ठेवायचे, हे मात्र मी मोकळे सोडते, कारण ते आपल्याला सापडणाऱ्या आकड्यावर आहे. अमेरिकेचा वाटा साठ-सत्तर टक्के आणि त्यातही एकाच ग्राहकाचा मोठा हिस्सा असेल तर मी पाच टक्क्यांपर्यंतही ठेवणार नाही. वाटा पंचवीस-तीस टक्के आणि कर्ज कमी असेल तर ठेवण्याचा विचार करीन, कारण अशा कंपनीला उद्या करार झाला तर फायदाच आहे आणि नाही झाला तर ती तगून राहील. दोन्ही कंपन्यांचे २०२४-२५ चे अहवाल उघडा, सेगमेंटच्या टिपणातून अमेरिकेची टक्केवारी आणि दहा टक्क्यांवरच्या ग्राहकांची संख्या लिहून घ्या, आणि एकूण कर्जाचा आकडा त्यासोबत कळवा. मग कोळंबी आधी की कपडे आधी, आणि डिसेंबरपूर्वी किती, ते आकडे समोर ठेवून बोलू.